डावीकडचा माणूस

सायकल चालवणाऱ्यांचे आपल्या पुण्यात आता दोन वर्ग झाले आहेत. पहिला वर्ग रविवारी पहाटे दिसतो. डोक्यावर हेल्मेट, अंगात चकाकणारा घट्ट सदरा, सायकलीला पुढेमागे लुकलुकणारे दिवे. आणि सायकलीची किंमत अशी, की तेवढ्या रकमेचं कर्ज द्यायला आमच्या शाखेत एके काळी दोन जामीन मागितले असते. ही मंडळी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जातात, कुणी खंबाटकी चढून येतात, वाटेत पोहे खातात आणि उन्हं चढायच्या आत घरी परततात. त्यांच्याविषयी माझ्या मनात कौतुकच आहे. दुसरा वर्ग रोज दिसतो, पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. कॅरिअरला करकचून बांधलेला डबा, हँडलला लटकवलेली पिशवी, मडगार्डचा खडखडाट. रात्रपाळी संपवून निघालेला वॉचमन, थापी नि ओळंबा घेऊन निघालेला गवंडी, पेपर टाकणारी मुलं, हॉटेलात भांडी घासणारा पोरगा. पहिला वर्ग सायकल चालवतो ती हौसेनं. दुसरा चालवतो, कारण बसच्या तिकिटाचे महिन्याला होणारे पैसे वाचले तर त्यात मुलांच्या वह्या येतात.

हा दुसरा वर्ग संपला, अशी आपली समजूत आहे. ती खरी नाही. २०११च्या जनगणनेत लोक कामावर कशानं जातात, हा प्रश्न विचारला गेला. शेती आणि घरगुती उद्योग सोडून बाकीची कामं करणाऱ्यांपैकी साधारण १३ टक्के माणसं, म्हणजे अडीच कोटींहून अधिक माणसं, सायकलनं कामावर जात होती. चारचाकीनं जाणाऱ्यांची संख्या त्याच्या आसपासही नव्हती. तरीही रस्ता म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मोटार येते, सायकल येत नाही.

मी बँकेत छत्तीस वर्षं काढली आणि त्या वर्षांच्या फटीफटींतून कादंबऱ्या लिहिल्या. निवृत्त झाल्यावर चालणं वाढलं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, आणि चालता चालता थांबायला मला आवडतं. आमच्या उपनगरात एक मोठा चौक आहे. त्याचं नाव सांगत नाही, कारण वाचकांपैकी प्रत्येकाच्या वाटेवर असा एक चौक असतोच. तिथे चहाच्या टपरीसमोर उभं राहिलं की डावीकडे वळणारा रस्ता पुरता दिसतो. पलीकडे नव्या इमारतींची कामं चालू आहेत, त्यामुळे काँक्रीटचे मिक्सर, मुरूम नेणारे डंपर आणि पाण्याचे टँकर दिवसभर त्या वळणावरून जातात. त्याच वळणावरून सरळ पुढे जाणारे सायकलवालेही असतात. काही महिने मी हे वळण पाहत आलो. तिथे जे दिसलं आणि बँकेतल्या टेबलावर जे वाचलं होतं, त्यांचा मेळ बसला म्हणून हा लेख.

आधी बँकेतलं सांगतो. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत माझ्याकडे मृत खातेदारांच्या दाव्यांचं टेबल होतं. खातेदार गेला, की वारसदार येतात. नॉमिनेशन आहे का पाहायचं, मृत्यूचा दाखला घ्यायचा, सह्या घ्यायच्या, शिल्लक वळती करायची. २०१५ साली पंतप्रधान सुरक्षा बीमा योजना आली. वर्षाला १२ रुपये हप्ता, अपघाती मृत्यू झाला तर वारसाला २ लाख रुपये. हप्ता खात्यातून परस्पर वळता होई. २०२२ पासून तो २० रुपये झाला, विम्याची रक्कम तीच राहिली. ज्यांच्या खात्यात हजार-दोन हजारांच्या वर शिल्लक कधी जात नसे, अशा अनेकांनी शाखेतल्या शिबिरात त्या अर्जावर सही किंवा अंगठा केला होता आणि नंतर ते विसरूनही गेले होते.

एके दिवशी एक बाई आल्या. सोबत त्यांचा दीर होता. नवरा एका सोसायटीत वॉचमन. सकाळी ड्यूटी संपवून सायकलनं घरी येताना एका चौकात डंपरखाली गेला. बाईंना खातं बंद करायचं होतं. शिल्लक चारशे नि काही रुपये होती. मी पासबुक पाहत असताना मे महिन्याच्या अखेरीला एक बारा रुपयांची नोंद दिसली. "वहिनी, हे बारा रुपये कशाचे ते ठाऊक आहे का?" असं विचारलं, तर त्या घाबरल्या. त्यांना वाटलं, काही दंड लागलाय. दीर म्हणाला, "साहेब, तेवढे कापून घ्या, पण आजच्या आज मोकळं करा." त्यांना समजावून सांगायला मला अर्धा तास लागला. मग एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल असे कागद गोळा करत त्या तीन वेळा आल्या. पैसे मिळाले. बाईंनी पेढे आणले नाहीत, आणि मीही अर्थातच अभिनंदन केलं नाही. कागद तपासणं हे माझं काम होतं, म्हणून पंचनामा मी नीट वाचला होता. त्यात एक वाक्य होतं : डंपर डावीकडे वळत असताना सायकलस्वार डाव्या बाजूनं अचानक आल्यानं मागील चाकाखाली सापडला.

पुढे माझी बदली होईपर्यंत अशा आणखी दोन फायली त्या टेबलावर आल्या. एकात पाण्याचा टँकर होता, दुसऱ्यात बस. पोलीस ठाणी निराळी, हस्ताक्षरं निराळी. पण तीन शब्द तिन्ही कागदांत होते : डावीकडे, अचानक आणि मागील चाक. कारकुनी पेशातल्या माणसाला एकच नोंद तीनदा आली की खटकतं. तीन कागदांवरून आकडेशास्त्र होत नाही, हे मला कळतं. पण हे असं का व्हावं, याचं उत्तर शोधायला तेवढे पुरेसे होते.

त्यातल्या मागच्या चाकाचा हिशेब साधा आहे. शाळेत शिकलेला पायथागोरस त्याला पुरतो. लांब गाडी वळते तेव्हा तिची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेनं जात नाहीत. ती आतून, कोपरा कापून जातात. शहर बसच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये साधारण सहा मीटर अंतर असतं. समजा, तिची पुढची चाकं बारा मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरताहेत. बाराचा वर्ग १४४, सहाचा वर्ग ३६. वजा केले की १०८. त्याचं वर्गमूळ साधारण १०.४. म्हणजे मागची चाकं पुढच्यांपेक्षा दीड मीटरहून जास्त आतून जातात. चौकातल्या काटकोनी वळणावर हा फरक थोडा कमी पडेल, वळण आणखी आवळलं तर वाढेल. डंपर बसपेक्षा आखूड असतो, म्हणून त्याचा फरक कमी. लांब ट्रेलरचा त्याहून बराच जास्त. पण सायकलवाल्याला सगळी मिळून जागा लागते दोन-अडीच फूट. बस सुरू झाली तेव्हा जी चार फुटांची फट त्याला मोकळी दिसत होती, ती बस अर्धी वळेपर्यंत उरतच नाही. बस त्याला पुढून धडकत नाही. पुढचा भाग सुखरूप निघून जातो. बाजू हळूहळू जवळ येत जाते, हँडलला लागते, माणूस पडतो, आणि मग मागचं चाक येतं. वेग ताशी दहा किलोमीटरसुद्धा नसतो. वेगानं माणसं मरतात असं आपण ऐकत आलो आहोत. इथे माणूस वजनानं मरतो.

याला आणखी एक जोड आहे. लांब गाडीला डावीकडे वळायचं असलं, की ड्रायव्हर आधी गाडी थोडी उजवीकडे घेतो, म्हणजे मागची चाकं फूटपाथवर चढत नाहीत. यात त्याची चूक नाही, गाडी तशीच वळते. पण मागून येणाऱ्या सायकलवाल्याला काय दिसतं? गाडी उजवीकडे सरकली, डावीकडे ऐसपैस जागा झाली. तो आत शिरतो. त्याला वाटतं, वाट दिली.

आता 'अचानक' या शब्दाकडे येऊ. बँकेत असताना कर्जावर घेतलेल्या गाड्यांची पाहणी करायला जावं लागे. चेसिस नंबर, इंजिन नंबर, विम्याची मुदत पडताळून फायलीत नोंद करायची. अशाच एका पाहणीत मालकाच्या आग्रहामुळे मी डंपरच्या केबिनमध्ये चढून ड्रायव्हरच्या जागेवर बसलो होतो. वरून जग फार छान दिसतं. समोरचा रस्ता लांबवर दिसतो, मोटारींची टपं दिसतात. आणि डावीकडे? आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणजे डावा दरवाजा त्याच्यापासून सगळ्यात दूर. त्या दरवाज्याच्या खिडकीची खालची कड उभ्या माणसाच्या डोक्याहून उंच. दरवाज्याला खेटून उभा असलेला माणूस ड्रायव्हरला खिडकीतून दिसणं शक्यच नाही. उरतो आरसा. त्यातला एखादा तडकलेला, एखादा दोरीनं बांधलेला, आणि खिडकीच्या काचेवर देवाच्या नावाची पट्टी, लिंबू-मिरची आणि रंगीत गोंडे. मी तिथून खाली वाकून पाहिलं, तर डाव्या बाजूला उभा असलेला डंपरमालक मला दिसेना. तो हाक मारत होता, ती ऐकू येत होती.

म्हणजे पंचनाम्यातला 'अचानक' हा शब्द खोटा नव्हता. ड्रायव्हरच्या दृष्टीनं सायकलवाला खरोखरच अचानक आला होता. आणि सायकलवाल्याच्या दृष्टीनं तो तिथे कितीतरी वेळ उभा होता. सिग्नल लाल असताना दोघं एकमेकांपासून चार फुटांवर मिनिटभर थांबले होते. एकाला दुसरा डोंगराएवढा दिसत होता, दुसऱ्याला पहिला मुळीच दिसत नव्हता. एवढी मोठी गाडी चालवणाऱ्याला आपण दिसत नसू, हे पायी नि सायकलवर फिरणाऱ्या माणसाच्या कल्पनेतच येत नाही.

पूर्वी हे दिसत नसलेलं पाहायला दुसरा माणूस असे. ट्रकला क्लीनर असे. तो डाव्या दरवाज्यातून अर्धा बाहेर लोंबकळून दरवाज्यावर थापा मारी, "चलो, चलो, रुको!" असं ओरडे. त्याच्या त्या हिंदीला आम्ही हसायचो, पण तो ट्रकचा डावा डोळा होता. शहरात फिरणाऱ्या डंपरवर आता पुष्कळदा एकटा ड्रायव्हरच दिसतो. क्लीनरचा पगार मालकांना जड होतो. ड्रायव्हरचं सांगायचं तर त्याला बऱ्याच ठिकाणी पैसे खेपेवर मिळतात. अवजड गाड्यांना गर्दीच्या वेळी शहरात बंदी असते, ती योग्यच आहे. पण बंदी उठली की राहिलेल्या वेळात खेपा भरायच्या असतात. मिक्सरमधलं काँक्रीट तर साधारण दोन तासांत ओतावं लागतं, नाहीतर माल बाद. असा माणूस वळणावर गाडी थांबवून, खाली उतरून, डावीकडे कुणी आहे का पाहून येईल, ही अपेक्षा आपण केबिनमध्ये न बसता करतो.

अपघात झाला की लोक ड्रायव्हरला मारतात, काचा फोडतात. मग कायदा येतो. पूर्वी भारतीय दंड संहितेचं ३०४-अ कलम होतं, जास्तीत जास्त दोन वर्षं शिक्षा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आलं, त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नुकसानभरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे. तिथे विमा कंपनीचा वकील उभा राहून म्हणतो, की मयत चुकीच्या बाजूनं घुसला, सबब त्याचाही निष्काळजीपणा धरावा आणि रक्कम कमी करावी. हे सगळं माणूस गेल्यावरचं. शिक्षा दुपटीहून वाढवल्यानं डाव्या दरवाज्याची खिडकी खाली येत नाही, आणि मागचं चाक आतून कापायचं थांबत नाही.

आणि सायकलवाला चुकीच्या बाजूनं घुसला म्हणजे काय? आपल्याला पहिलीपासून शिकवलं, की डावीकडून चाला. सायकल हळू, म्हणून तिनं रस्त्याच्या डाव्या कडेला राहावं. तो आयुष्यभर तेच करतो. म्हणजे जी शिस्त त्यानं पाळली, तीच त्याला वळणाच्या आतल्या बाजूला नेऊन उभी करते. मराठीत 'डावलणं' हा शब्द आहे. तो आमच्या टपरीसमोरच्या चौकात अक्षरशः पाहायला मिळतो.

वाचक म्हणतील, पुण्यात सायकल ट्रॅक आहेत की. आहेत. २००६ साली कात्रज ते हडपसर जलद बसमार्गाचा प्रयोग झाला, तेव्हा त्याच्या कडेनं ट्रॅक बांधले गेले. पुढे आणखीही झाले. २०१७ साली महापालिकेनं शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमाराला भाड्यानं घ्यायच्या रंगीबेरंगी सायकली फूटपाथवर अवतरल्या आणि दोनेक वर्षांत दिसेनाशाही झाल्या. ट्रॅकवर उभ्या मोटारी, विजेचे डीपी, फळांच्या गाड्या असतात, हे रडगाणं जुनं आहे. मला त्याहून मोठी गोष्ट खटकते. ट्रॅक असतो तो दोन चौकांच्या मध्ये. तिथे सगळी वाहनं एकाच दिशेनं जात असतात, धोका त्या मानानं कमी. आणि चौक आला, वाहनं एकमेकांची वाट छेदू लागली, की ट्रॅक उताराची एक फरशी लावून संपतो. सायकलवाला रस्त्यावर सोडला जातो, तोही नेमका डावीकडे वळणाऱ्यांच्या पोटात. पावसात छत्री धरून पागोळ्यांपर्यंत न्यायचं आणि नेमक्या तिथेच छत्री काढून घ्यायची, असा हा प्रकार.

त्यात आपल्याकडे 'फ्री लेफ्ट' नावाची एक चीज आहे. डावीकडे वळणाऱ्याला सिग्नल नाही. त्यासाठी कोपरा मोठा गोल करून देतात. गोल जितका मोठा, तितकी गाडी वेग न कमी करता वळते. म्हणजे पायी चालणारा आणि सायकलवाला यांनी ज्या जागी थांबायचं, तिथेच डंपरनं न थांबता जायचं.

याला उपाय नाही असं नाही. नेदरलँड्स हा आज सायकलींचा देश म्हणून आपल्याला ठाऊक आहे. पण तो जन्मजात तसा नव्हता. युद्धानंतर तिथेही मोटारी वाढल्या, सायकलींना हुसकून लावलं गेलं. १९७१ साली तिथे रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली. त्यांत ४००हून अधिक मुलं होती. देशाची लोकसंख्या होती सव्वा-दीड कोटीच्या मधली. एका पत्रकाराची मुलगी अशीच गेली. त्यानं वर्तमानपत्रात लेख लिहिला आणि त्यातून 'मुलांची हत्या थांबवा' या नावाची चळवळ उभी राहिली. आईबाप रस्त्यांवर बसले. पुढच्या वर्षांत तिथल्या अभियंत्यांनी चौक बदलले. त्यांची युक्ती अवघड नाही. चौकाच्या कोपऱ्यावर दगडी कडांचं एक लहानसं बेट करतात. सायकलवाला त्या बेटाच्या आतून जातो, मोटार बाहेरून. त्यामुळे गाडीला आवळून, हळू वळावं लागतं; आणि ती वळून सायकलच्या वाटेवर येते तेव्हा सायकलवाला तिच्या बगलेत नसून समोर, ड्रायव्हरच्या नजरेत असतो. शिवाय सायकलनं थांबायची रेघ मोटारींच्या रेघेपुढे असते, म्हणजे सिग्नल लाल असतानाच तो समोर दिसतो.

लंडनचं उदाहरण आपल्याला आणखी जवळचं, कारण तिथेही वाहतूक डावीकडून चालते. २०१५ ते २०१७ या काळात तिथे सायकलस्वारांचे जीव घेणाऱ्या अपघातांपैकी निम्म्याहून अधिक अपघातांत अवजड मालवाहू गाड्या होत्या. शहरातल्या एकूण वाहतुकीत या गाड्यांचा वाटा होता जेमतेम चार टक्के. तेव्हा तिथल्या प्रशासनानं ड्रायव्हरला शिव्या देणं सोडून केबिन मोजायला घेतलं. ड्रायव्हरला जागेवरून, आरशाविना, स्वतःच्या डोळ्यांनी किती दिसतं, त्यावर गाडीला शून्य ते पाच तारे. मार्च २०२१ पासून बारा टनांवरच्या गाडीला शहरात यायला परवाना लागू लागला. ऑक्टोबर २०२४ पासून निदान तीन तारे हवेत, नाहीतर बाजूचा माणूस ओळखून इशारा देणारी यंत्रणा, कॅमेरे वगैरे गाडीवर बसवलेले हवेत. तिथल्या पोलिसांनी आणखी एक साधी गोष्ट केली. सायकलवाल्यांना बोलावून ट्रकच्या केबिनमध्ये बसवलं आणि विचारलं, बाहेर तुमचे मित्र उभे आहेत, दिसतात का? डंपरमालकाच्या मेहेरबानीनं मला जे कळलं, ते तिथे शेकडो लोकांना मुद्दाम दाखवलं गेलं.

आपल्याकडे नियम नाहीत असं कुणी म्हणू नये. चौकटी आखण्यात आपण कधीच मागे नसतो. इंडियन रोड्स काँग्रेसनं सायकल मार्ग कसे आखावेत याची पुस्तिका १९६२ साली काढली आणि २०१५ साली सुधारली. ट्रकच्या दोन चाकांमधल्या उघड्या जागेत माणूस शिरू नये म्हणून बाजूला आडवे अडसर असावेत, असं मानकही आहे. २०१९च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनं १९८-अ हे कलम आणलं. ठरलेल्या मानकाप्रमाणे रस्ता न बांधल्यामुळे कुणाचा जीव गेला, तर संबंधित यंत्रणा किंवा कंत्राटदाराला एक लाखापर्यंत दंड. एक लाख! चौकातल्या एखाद्या शोभेच्या कारंज्याचा खर्च याहून जास्त असेल. पण रक्कम बाजूला ठेवू. रस्त्याचा आकारही गुन्हेगार असू शकतो, हे कायद्यानं मान्य केलं, एवढं पुरे आहे. पंचनाम्यात गाडीचा नंबर लिहितात, ड्रायव्हरचं नाव लिहितात. कोपऱ्याची गोलाई किती मीटर, सायकलसाठी रेघ होती की नव्हती, गाडीच्या बाजूला अडसर होता की नव्हता, हे लिहायला काय हरकत आहे?

बँकवाल्यांकडूनही माझी एक मागणी आहे. ट्रक, डंपर, मिक्सर यांतले बहुतेक कर्जावर घेतले जातात. कर्ज देताना आम्ही विमा पाहतो, कारण गाडी हे आमचं तारण असतं. त्या फॉर्मवर डाव्या बाजूचे आरसे, बाजूचे अडसर, डावीकडचा कॅमेरा आणि इशाऱ्याची घंटी यांच्यासाठी चार चौकोन वाढवले आणि त्यांवर टिकमार्क असल्याशिवाय कर्ज मंजूर करायचं नाही असं ठरवलं, तर सरकारी निरीक्षक जिथे पोचत नाही तिथे बँक पोचेल. कर्जदार आरटीओला चुकवतो, हप्ता देणाऱ्याला चुकवत नाही. गाडीच्या किमतीपुढे या सामानाची किंमत किरकोळ आहे. एकाच खातेवहीत एका पानावर डंपरचं कर्ज आणि दुसऱ्या पानावर सायकलवाल्याचा दावा असतो, हे बँकेला दिसतं तेवढं आणखी कुणाला दिसत नाही.

हा प्रश्न केवळ पुण्याचा नाही. राज्यातल्या १२५ तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली दिल्या जातात. गावापासून शाळा लांब, एसटीची वेळ जुळत नाही, म्हणून मुलगी घरी बसू नये, हा हेतू. फार चांगली योजना आहे. पण त्या मुली ज्या रस्त्यानं शाळेत जातात, त्याच रस्त्यानं हंगामात दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर जातात. ऊस बाजूंनी बाहेर आलेला, मागचं काही दिसत नाही, ट्रॅक्टरवर मोठ्यानं गाणी. फाट्यावर तो कारखान्याकडे वळतो तेव्हा दुसरी ट्रॉली कुठून जाणार, हे त्या पोरीला कुणी सांगितलेलं नसतं. सायकल देताना एक तास हे शिकवायला काही पैसे लागत नाहीत.

काय शिकवायचं? चार गोष्टी. मोठ्या गाडीच्या आणि फूटपाथच्या मधल्या फटीत शिरू नये, ती कितीही मोकळी दिसली तरी. सिग्नलला थांबायचं तर गाडीच्या इतकं पुढे, की ड्रायव्हरचा चेहरा आपल्याला दिसेल. नाहीतर सरळ तिच्या मागे. चेहरा दिसला नाही तर आपणही त्याला दिसत नाही, असं धरून चालावं. आणि गाडी उजवीकडे झुकली, तर ती वाट देत नाही, ती डावीकडे वळणार आहे. एवढं लक्षात राहिलं तर पुष्कळ झालं. मात्र हे शिकवून झालं की आपली जबाबदारी संपली, असं नाही. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. त्यांत सायकलवाले साडेचार हजारांहून जास्त होते. एवढ्या माणसांना शिकवायचं राहून गेलं होतं, असं म्हणणं निर्लज्जपणाचं होईल.

माझ्या लहानपणी सायकलीला नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला लागत असे. वर्षाला कर भरायचा आणि बिल्ला लावायचा. नसला, किंवा रात्री दिवा नसला, तर पोलीस चाकातली हवा सोडत. त्या बिल्ल्याचा आम्हाला राग येई. पण त्यामुळे गावात सायकली किती, याचा आकडा पालिकेच्या दप्तरात असे. आता सायकलवाल्याला बिल्ला नाही, लायसन नाही, नंबर नाही. तो कुठल्याच वहीत नाही. चौकाचा आराखडा करताना मोटारी मोजतात, बसगाड्या मोजतात. म्हणून मी मोजायला सुरुवात केली. आमच्या चौकात सकाळी साडेसहा ते साडेआठ या वेळात, सलग सहा दिवस, चहाच्या टपरीवर वही घेऊन बसलो. सरळ जाणाऱ्या सायकली एका रकान्यात, डावीकडे वळणाऱ्या अवजड गाड्या दुसऱ्यात, आणि दोघं एकाच वेळी वळणावर आले तर तिसऱ्यात. टपरीवाल्याचा मुलगा गणितात हुशार आहे, बेरजा त्यानं तपासल्या.

त्या तक्त्यासोबत एक नकाशा जोडला आहे. डावीकडच्या कोपऱ्यावर एक बेट, सायकलीसाठी पुढे आणलेली एक पांढरी रेघ, आणि फ्री लेफ्टचा फलक काढून तिथे सिग्नल. नवीन जमीन लागत नाही, झाड तोडावं लागत नाही, कुणाचं दुकान हलवावं लागत नाही. दगडी कडा, थोडं सिमेंट, रंगाचे डबे आणि दोन रात्रींचं काम. अर्ज संबंधित कार्यालयात दिला आहे आणि प्रत वाहतूक शाखेला. दोन्हीकडे आवक क्रमांक मिळाले आहेत. महिन्याभरात उत्तर आलं नाही, तर नव्या महिन्याचा तक्ता जोडून पुन्हा जाणार आहे. वाचकांपैकी कुणी आपापल्या चौकात अशी वही घालणार असेल, तर रकाने कसे आखायचे ते मी आनंदानं सांगेन.